पहिल्या सिझरचा हिशेब घ्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातली निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षे प्रसूतिकक्षातच गेली. सिझरविरुद्ध माझी तक्रार नाही. बाळ आडवे असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, ठोके खरोखर घसरत असतील, तर लगेच टेबलवर घ्यायलाच हवे.

माझा प्रश्न पहिलटकरणींचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणे सिझरने होतात, सरकारीत 14.3 टक्के. सरकारीत कधी भूलतज्ज्ञच नसतो, हे मान्य. तरी तिपटीहून जास्त?

नातेवाइकांना कारण काय सांगतात? ‘नाळ गळ्याभोवती आहे.’ असा वेढा दर चार-पाच बाळांत एकाला असतो आणि त्यातल्या बहुतेक जणी नॉर्मल बाळंत होतात. नाहीतर ‘प्रोग्रेस नाही’. फाइलवर गर्भपिशवीचे तोंड तीन सेंटीमीटर उघडलेले, कळा नुकत्या सुरू झालेल्या आणि खाली निर्णय सिझरचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितले आहे की, पाच सेंटीमीटरपर्यंत वेळ लागणे हा दोष नव्हे. डॉक्टरांचीही अडचण मला कळते: एकटा माणूस, रात्रभर थांबायचे, काही बिघडले तर काचा फुटणार. आणि मुहूर्त काढून येणारी सासरची मंडळी काही कमी नाहीत!

पण पहिले सिझर झाले की पुढचेही बहुधा सिझरच. रक्तस्राव, टाक्यांत पू हे तेव्हाचे झाले. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुतून बसली तर गर्भपिशवी काढायची वेळ येते.

म्हणून एकच मागणी. रॉबसन वर्गीकरणात सिझरच्या प्रमाणाची तुलना करण्यासाठी बाळंतिणींचे गट पाडतात. त्यातले पहिले दोन गट म्हणजे पहिलटकरीण, दिवस भरलेले, एकच बाळ, डोके खाली. पहिल्या गटात कळा आपोआप आलेल्या. दुसऱ्यात कळा आणवलेल्या किंवा कळांआधीच सिझर केलेले. या गटांत सिझर किती आणि कशासाठी, हे ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी प्रत्येक प्रसूतिगृहाकडून दरमहा मागवावे आणि रुग्णालयाच्या नावानिशी जाहीर करावे. नर्सिंग होमची नोंदणी पालिकेच्याच हाती आहे, तेव्हा कोणी आकडे दडवायचे कारण नाही. सुरुवात वाशी, नेरूळ आणि ऐरोलीच्या पालिका रुग्णालयांपासूनच करा, म्हणजे खासगीवाल्यांना ‘आधी तुमचे दाखवा’ म्हणता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, ठाणे