खेळाडूंचा ईसीजी आधी काढा

संपादक महोदय,

शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने सुरू झाले की आमच्या घरात दुसरं काही सुचत नाही. मागच्या मोसमात माझा १७ वर्षांचा पुतण्या सरावात धावताधावता कोसळला. शुद्धीवर आल्यावर सगळे म्हणाले, ऊन लागलं, लिंबूसरबत द्या. दवाखान्यातूनही सलाईन लावून घरी पाठवलं. आठवड्यानं दुसऱ्या डॉक्टरांनी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विद्युतक्रियेचा आलेख, काढला, तेव्हा त्यातलं 'क्यूटी' नावाचं अंतर लांबलेलं दिसलं. हा दोष बहुधा जन्मजात असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयातली विद्युतक्रिया पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो आणि त्यात ठोक्यांची लय बिघडली तर जीव जाऊ शकतो. त्याच्या छातीत कधी दुखलं नव्हतं, स्टेथोस्कोपनं काही कळलं नव्हतं.

हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारातही उंच लहरी, उलट्या टी लहरी अशा खुणा अनेकदा ईसीजीत आधी दिसतात. मात्र रोज घाम गाळणाऱ्या पैलवानाचा किंवा फुटबॉलपटूचा आलेख मुळातच थोडा वेगळा असतो, म्हणून तो हृदयरोगतज्ज्ञांनीच वाचावा. मशीनच्या छापील शेऱ्यावर विसंबू नये.

इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना अशी तपासणी बंधनकारक आहे. आपल्याकडे संघ उतरवणाऱ्या तालीम मंडळांनी निदान नोंदणीच्या अर्जावर दोन प्रश्न विचारावेत: धावताना कधी शुद्ध हरपली का, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? उत्तर 'हो' असेल तर ईसीजी आणि तज्ज्ञांचा सल्ला झाल्याशिवाय मुलाला मैदानात उतरवू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर