खुनी मुलांच्या चित्रपटांत भावंडांकडेही पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खुनी मुलावरचा चित्रपट किंवा मालिका आली की परीक्षणात एक वाक्य हमखास असतं: दुष्टपणा रक्तातून येतो की संगतीतून, हे दिग्दर्शकाने प्रेक्षकांवर सोडलं आहे. सहसा काही सोडलेलं नसतं. पटकथेने निकाल आधीच लावलेला असतो आणि गैरसोयीचा साक्षीदार कोपऱ्यात बसवलेला असतो. हा साक्षीदार बहुतेक वेळा त्याच घरातला असतो.

१९५६चा ‘द बॅड सीड’ घ्या. विल्यम मार्च यांची १९५४ची कादंबरी, त्यावर मॅक्सवेल अँडरसन यांचं नाटक आणि मग मर्विन लेरॉय यांचा हा चित्रपट. आठ वर्षांची ऱ्होडा, दोन घट्ट वेण्या, परीटघडीचा फ्रॉक. हस्ताक्षराचं पदक वर्गातल्या क्लॉडला मिळालं म्हणून ती त्याचा जीव घेते. तिच्या बुटांच्या लोखंडी नालांच्या अर्धचंद्राकृती खुणा त्याच्या कपाळावर सापडतात. घर सुखवस्तू, आई मायाळू, लष्करातले वडील सुरुवातीलाच वॉशिंग्टनला रवाना. परिस्थितीला दोष द्यायला जागाच उरत नाही. मग गुन्हेगारीवर लिहिणारा एक पाहुणा दिवाणखान्यात बसून जन्मजात गुन्हेगारांचा सिद्धान्त ऐकवतो, आणि पाठोपाठ कळतं की ऱ्होडाची आई क्रिस्टीन दत्तक आहे, तिची जन्मदाती बेसी डेन्कर ही कित्येक खून पचवलेली बाई होती. झालं, खाण तशी माती!

इथेच पटकथेचा पाय घसरतो. क्रिस्टीन त्याच खाणीतली आहे, बेसीची सख्खी मुलगी. परक्या घरात वाढली आणि मुंगीलाही धक्का न लावणारी निघाली. रक्तानेच सगळं ठरत असेल तर आधी ती खुनी व्हायला हवी होती. पटकथा ‘दुष्टपणा एक पिढी गाळून उतरतो’ अशी पळवाट काढते. दुसरीकडे शिकवणीचा पुरावाही चित्रपटात ढिगाने पडलेला आहे. वरच्या मजल्यावरच्या ब्रीडलव्हबाई ऱ्होडाच्या गोड बोलण्यावर भाळून तिला भेटी देत राहतात. खून कबूल केल्यावर खुद्द आईच तिला ते बूट भट्टीत टाकायला लावते. गोड बोललं की बक्षीस मिळतं आणि गुन्हा केला तर मोठी माणसं पुरावा जाळतात, हे आठ वर्षांचं पोर याहून वेगळं कुठे शिकणार?

शेवट तर बाहेरूनच ठरला. नाटकात आई मुलीला झोपेच्या गोळ्या देऊन स्वतःवर पिस्तूल झाडते. आई मरते, मुलगी वाचते. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेला सुटलेला गुन्हेगार चालत नसे, म्हणून चित्रपटात आई जगते आणि ऱ्होडावर वीज कोसळते. त्यावर कडी म्हणजे अखेरीस कलाकारांची ओळख करून देताना आईचं काम करणारी नटी मुलीला मांडीवर आडवी घालून चापट्या मारते. म्हणजे रोग जन्मजात, उपाय मात्र चापट्या.

आपल्याकडचा ‘आवारा’ (१९५१) दुसऱ्या टोकाला आहे. डाकूचा मुलगा म्हणून न्यायाधीशाने दोषी ठरवलेला जग्गा सूड घेतो तो न्यायाधीशाच्याच मुलाला चोर बनवून. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधावा, वाण नाही पण गुण लागतोच, या हिशेबाने. इथे निकाल पूर्णपणे परिस्थितीच्या बाजूने आहे.

अलीकडच्या दोन कलाकृती जास्त प्रामाणिक आहेत. लिन रॅमसे यांच्या ‘वी नीड टू टॉक अबाउट केविन’मध्ये (२०११) सगळं आईच्या आठवणीतून दिसतं. तान्ह्या केविनचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून ती रस्ता फोडणाऱ्या ड्रिलशेजारी बाबागाडी घेऊन उभी राहते. मूल मुळातच वैरी होतं, की थकलेल्या आईला ते तसं आठवतं, हे ठरवता येत नाही. आणि त्याच आईवडिलांची धाकटी मुलगी सीलिया साधीभोळी आहे. ‘अ‍ॅडॉलसन्स’ या मालिकेच्या (२०२५) चौथ्या भागात वडील सांगतात की त्यांचे वडील त्यांना मारायचे आणि आपण मुलांवर हात उगारायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तरी तेरा वर्षांचा जेमी खून करतो, थोरली लिसा मात्र समंजस. ही कशी घडली, असा प्रश्न येतो, आणि उत्तर येतं: त्याला घडवलं तशीच.

जुळ्यांवरच्या अभ्यासांतही असाच पेच आहे. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सात वर्षांच्या जुळ्यांपैकी वर्तन बिघडलेल्या मुलांचे दोन गट केले होते. ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच वाटत नाही, त्या गटात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के निघाला. बाकीच्यांत सुमारे ३० टक्के. थ्रिलर हे दोन्ही गट एकाच मुलात कोंबतो. शिवाय हे टक्के मुलामुलांमधल्या फरकाचे असतात. एका मुलाचा दुष्टपणा ८० टक्के रक्तातला, असा त्याचा अर्थ होत नाही. अमेरिकी मनोविकार निदान पुस्तिकेत अशा भावशून्यतेच्या चार खुणा आहेत: पश्चात्ताप नाही, सहानुभूती नाही, शाळेतल्या कामगिरीची फिकीर नाही, भावना उथळ. किमान बारा महिने, एकाहून अधिक ठिकाणी, किमान दोन खुणा दिसाव्या लागतात आणि माहिती एकट्या आईकडून घेऊन चालत नाही. (पदकासाठी खून करणारी ऱ्होडा तिसऱ्या खुणेत सपशेल नापास होते.)

या गोष्टींची खरी झळ दत्तक कुटुंबांना लागते. २००९च्या ‘ऑर्फन’च्या जाहिरातीत दत्तक मुलावर पोटच्या मुलाइतकं प्रेम करणं अवघड असतं, अशा अर्थाचं वाक्य होतं, दत्तक संस्थांनी विरोध केल्यावर ते काढलं गेलं. त्या चित्रपटातलं ‘मूल’ तर मूलच नाही, तेहतीस वर्षांची बाई आहे, म्हणजे मूळ प्रश्नालाच बगल. आपल्याकडे दत्तक घेताना पालकांना मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल मिळतो. तरी ‘रक्त कुणाचं कुणास ठाऊक’ हे नातेवाइकांचं पालुपद सुरूच असतं, आणि अशा चित्रपटांनी त्याला खतपाणी मिळतं.

आपल्या परीक्षकांना एवढीच विनंती. त्याच घरातलं किंवा त्याच रक्ताचं दुसरं माणूस कथेत कसं निघालं आणि पटकथेने त्याचं काय केलं, यावर दोन ओळी लिहाव्यात. रहस्य फुटणार असेल तर नाव गाळावं.

आपला,
पटकथालेखनाचा एक शिक्षक,
पुणे