आजीने शिक्का कशावर मारला?

पणजी

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

घरात आपण कोंकणी बोलतो, पण पत्र लिहायला बसलं की मराठीच येते. आजोबांची शिस्त, दुसरं काय!

परवा कार्ला सिमॉन या स्पॅनिश दिग्दर्शिकेचा ‘रोमेरिया’ हा चित्रपट पाहिला. अठरा वर्षांची मारिना. आईवडील ती लहान असतानाच एड्सने गेलेले. शिष्यवृत्तीसाठी वडिलांच्या घरच्यांची सही हवी, म्हणून 2004 साली ती विगो या बंदराच्या शहरात त्यांच्याकडे जाते. सोबत आईची डायरी. काका, आत्या, आजी, आजोबा सगळे भेटतात, पण एकाची हकिगत दुसऱ्याशी जुळत नाही. लाजेपायी आजाराचं नावही कुणी घेत नाही. शेवटी पोर तरुणपणचे आईवडील स्वतःच कल्पून घेते. तो भाग मला जरा लांबलेला वाटला. पण सिमॉनचे स्वतःचे आईवडीलही असेच गेले, हे ठाऊक असल्यामुळे घड्याळ पाहायचा धीर झाला नाही.

डोक्यात मात्र आपलं कुळागर, ती पोफळीची बाग, होतं. आजोबा आणि थोरले आजोबा एकमेकांशी बोलेनासे का झाले? बाबा, तुम्ही म्हणता, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या 1967 च्या जनमत कौलामुळे. आजोबांनी 16 जानेवारीला विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला, भावाने विरोधाच्या दोन पानांवर. फूल 34,021 मतांनी हरलं आणि त्या रात्री दोन चुली झाल्या. आई, तू मात्र बाबा अंगणात गेले की हळूच म्हणतेस, “कसलो कौल? पाटाच्या उदकाखातीर झगडले ते.”

तू तर पुढे कितीतरी वर्षांनी लग्न होऊन या घरात आलीस. म्हणजे पाण्याच्या पाळीचं तुला आजीनेच सांगितलं असणार. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, त्यांनी पुरुषांचं ओसरीवरचं भांडण ऐकलं. आजीने स्वयंपाकघरातून काय ऐकलं, आणि मुळात तिने स्वतः शिक्का कशावर मारला, हे तिला कुणी विचारलं होतं का?

म्हणून एक काम सांगते. दोघांनी आपापलं आठवेल तसं वेगवेगळ्या वहीत लिहा. बाबा, आईची वही तपासायची नाही! तारखा चुकल्या तर चुकू देत.

आणि थोरल्या घरच्या काकूंना मी या रविवारी फोन करणार आहे. रागावू नका, बाबा.

तुमची,
धाकटी