शिष्यवृत्ती व्हिसाच्या शिक्क्यापाशी संपत नाही

माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,
सविनय नमस्कार.

राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराने दूतावासांची जी कामे सांगितली आहेत, त्यांत सांस्कृतिक आणि वैज्ञानिक संबंध वाढवणे हेही आहे. आपल्याकडे त्याचा मोठा भार 1950 पासून भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद उचलते. तिच्या शिष्यवृत्तीवर येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांशी आमचा रोजचा संबंध येतो. त्यांच्या देशातल्या आपल्या दूतावासाने थोडे आधी आणि थोडे नंतर लक्ष घातले तर कितीतरी मुलांचे पहिले सत्र वाचेल, म्हणून हे पत्र.

परिषदेच्या पोर्टलवर विद्यार्थी पसंतीक्रमाने पाच विद्यापीठे निवडतो, इंग्रजीत निबंध लिहितो, गुणपत्रके चढवतो. विद्यापीठाने होकार दिला की दूतावास शिष्यवृत्ती देऊ करतो. अडचण बहुधा होकाराच्याही आधीची असते. अभियांत्रिकीला बारावीच्या पातळीवरच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. अनेक देशांत शेवटच्या दोन वर्षांत मुले तीन-चारच विषय घेतात आणि त्यात रसायनशास्त्र सुटलेले असते. अशा मुलाला पाचही ठिकाणांहून नकार येतो आणि तोवर दुसरा अभ्यासक्रम निवडायची मुदत निघून गेलेली असते. त्या देशातली शालेय पद्धत दूतावासाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अर्ज सुरू होण्याआधी तिथल्या परीक्षा मंडळांची नावे, विषयांचे गट आणि आपल्याकडची समकक्षता यांचा एकच तक्ता प्रत्येक दूतावासाने लावावा. गुणपत्रक इंग्रजीत नसेल तर भाषांतर कोणाचे चालेल, अपोस्टिल (परदेशी कागदपत्र खरे असल्याचा आंतरराष्ट्रीय करारानुसारचा दाखला) पुरेल की दूतावासाचे साक्षांकन लागेल, हेही त्याच पानावर असावे.

सगळ्यात जास्त छळते ते नाव. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे. शाळेच्या दाखल्यावर दोन नावे, पासपोर्टवर तिन्ही, आणि आपल्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना सक्तीचा. विद्यार्थी कधी वडिलांचे नाव तिथे टाकतो, कधी आजोबांचे. प्रवेशपत्र एका नावाने निघते, व्हिसा दुसऱ्या. हा फरक दिल्लीत किंवा पुण्यात उतरल्यावर बँकेच्या खिडकीशी उघड होतो, आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी त्याला परत आपल्या देशाच्या वकिलातीकडे धाडतात. व्हिसा देताना पासपोर्ट आणि दाखला दोन्ही आपल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर असतात. 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे शिक्क्यानिशी एक पानाचे पत्र तेव्हाच दिले, तर पुढचे चार हेलपाटे टळतात.

त्यानंतरचे त्रांगडे तारखांचे. 180 दिवसांहून मोठ्या मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या प्रादेशिक नोंदणी कार्यालयाकडे, नोंदणी करावी लागते. त्यासाठी राहण्याचा पुरावा हवा, म्हणजे परदेशी व्यक्ती आपल्याकडे राहत असल्याचा, वसतिगृहाने ऑनलाइन भरायचा फॉर्म. खोली मिळेपर्यंत तो भरला जात नाही. नोंदणीविना बँका खाते उघडायला कां-कूं करतात. आणि खात्याशिवाय विद्यावेतन जमा व्हायचे कुठे? मुलगा सत्र सुरू झाल्यावर उतरला, तर खोल्या वाटून झालेल्या असतात आणि सगळी साखळी पहिल्याच कडीशी अडकते. उपाय साधा आहे. दूतावासाने विमानाचे तिकीट ठरण्याआधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडून खोलीची लेखी खात्री घ्यावी, उतरण्याची तारीख आणि वेळ परिषदेच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवावी, आणि विद्यावेतन सुरू होईपर्यंत दोन महिने पुरेल इतके पैसे जवळ ठेवायला विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे. हे शेवटचे सांगायला अधिकारी संकोचतात. संकोचू नये, अनोळखी शहरात उपाशी राहण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

आपले कलावंत बाहेर जातात तेव्हाही दूतावासाचे काम सभागृह ठरवण्यापुरते नसते. वाद्ये आणि प्रदर्शनाच्या वस्तू एटीए कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता वस्तू तात्पुरत्या परदेशी नेऊ देणाऱ्या कस्टम्सच्या दस्तऐवजावर गेल्या, तर प्रत्येक सीमेवर जाताना आणि परतताना कस्टम्सचा शिक्का लागतो. एक शिक्का राहिला तरी वस्तू त्या देशातच राहिली असे धरून शुल्काची मागणी येते. पथक परतायच्या दिवशी दूतावासाचा एक माणूस विमानतळावर असावा. विशेषतः पहाटेच्या विमानाला, कारण त्या वेळी कस्टम्सची खिडकी बंद असू शकते.

आणि मूळ दुखणे बदल्यांचे आहे, महोदय. सांस्कृतिक विभागाचा अधिकारी काही वर्षांत हलतो. कोणत्या विद्यापीठात कोण फोन उचलतो, कोणत्या मंडळाच्या गुणपत्रकाबद्दल शंका निघते, शिकून परतलेल्यांपैकी कोण आज प्राध्यापक आहे, हे सारे त्याच्याबरोबर जाते आणि नवा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. प्रत्येक दूतावासात या कामासाठी एक कायम स्थानिक कर्मचारी असावा. माजी विद्यार्थ्यांची यादी दरवर्षी ताजी व्हावी, आणि पदभार सोडणाऱ्याने हस्तांतरणाचे टिपण लिहिल्याशिवाय त्याला कार्यमुक्त करू नये.

पुढील वर्षाचे अर्ज सुरू होण्याआधी हे आदेश निघाले, तर त्याच तुकडीला त्याचा उपयोग होईल.

आपले नम्र,
परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचे काम पाहणारे कर्मचारी