लॅबमधल्या मॅडमना, हिरव्या पेशी दाखवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

रोज इतकी माणसं बाही वर करून तुमच्यासमोर बसतात, मी लक्षात असेन असं नाही. गेल्या वर्षी श्रावणात जयसिंगपूरहून मिरजेला तुमच्या लॅबमध्ये आले होते. तिसरा महिना चालू होता आणि बाहेरच्या बाकावर बसून रडत होते. तुम्ही पाण्याची बाटली हातात देऊन "आत ये गं" म्हणालात, ती मी.

रडण्याचं कारण एका कागदावर होतं. पावसाळा लागल्यापासून सकाळी बोटं आखडायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडीज शोधणारी रक्ताची टेस्ट, लिहून दिली होती. रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह, १:३२०, स्पेकल्ड (ठिपकेदार). आता आमच्या घरात ३२० हा आकडा एकाच बाबतीत ऐकलेला, सासऱ्यांच्या शुगरच्या. तेव्हा त्यांना रातोरात ॲडमिट करावं लागलं होतं. त्यामुळे सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि नवऱ्याने गाडी काढली. ज्या ठिकाणी गेलो तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलंच नाही. "ल्युपस आहे. मूल ठेवायचं का, ते घरी ठरवा." ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार, हेही सांगितलं नाही. दोन मिनिटांत बाहेर.

तुमच्याकडे आम्ही फक्त टेस्ट पुन्हा करायला आलो होतो. तुम्ही सुई टोचायच्या आधी अर्धा तास प्रश्नच विचारलेत. उन्हात चेहऱ्यावर पुरळ येतं का? तोंडात फोड? केस पुंजक्याने गळतात का? थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का? आधी कधी दिवस जाऊन पडलंय का? बहुतेक सगळ्याला "नाही" म्हणता म्हणता माझं रडणं थांबलं होतं.

आणि दुसऱ्या दिवशी ती अंधारी खोली. तुम्ही मायक्रोस्कोपसमोरचं स्टूल खाली केलंत आणि म्हणालात, बघ. काळ्या पाटावर मूग सांडावेत तसे हिरवे गोळे चमकत होते, आणि जरा बारकाईने पाहिलं तर प्रत्येक गोळ्यात रव्यासारखे ठिपके. मला वाटलं या माझ्याच पेशी. तुम्ही हसलात. "या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी, काचेवर तयारच मिळतात. त्यांच्यावर तुझ्या रक्तातलं सीरम सोडलं. तुझ्या अँटीबॉडीज पेशीच्या केंद्रकाला चिकटल्या. त्या दिसाव्यात म्हणून वरून चमकणारा रंग लावलेली दुसरी अँटीबॉडी."

मग ३२० चं कोडं तुम्ही ताकावर सोडवलंत. एक वाटी ताकात वाटीभर पाणी घालायचं, त्यातलं निम्मं दुसऱ्या भांड्यात काढून पुन्हा तेवढंच पाणी, आणि असंच पुढे. कितव्या भांड्यापर्यंत आंबटपणा लागतो, तो आकडा. १:८०, १:१६०, १:३२०. म्हणजे रक्तात ३२० असं काही नसतंच, आणि १६० ते ३२० हे अंतर फक्त एका भांड्याचं. नवरा वहीवर लिहून घेत होता. १९९७ सालच्या अभ्यासात धडधाकट माणसांपैकीही सुमारे ३२ टक्क्यांत १:४० ला आणि ३ टक्क्यांत १:३२० लासुद्धा ही टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. ती वही अजून फ्रिजवर आहे.

पण "काही नाही, घरी जा" असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि आभार खरे त्याचे मानायचेत. लघवी तपासली, प्रोटीन नव्हतं. ल्युपससाठी पाहतात ती डीएसडीएनए अँटीबॉडी निगेटिव्ह, सी३ आणि सी४ ही रक्तातली प्रथिनं ठीक. म्हणजे किडनीला धक्का असल्याची खूण कुठे नव्हती. मात्र एकेका अँटीबॉडीसाठी एकेक रेघ असलेल्या पट्टीवरच्या टेस्टमध्ये एक रेघ ठळक उमटली होती: अँटी-रो. (१९६९ मध्ये ही सापडली तेव्हा एका रुग्णाच्या नावातली दोन अक्षरं तिला दिली गेली, हे तुम्ही जाता जाता म्हणालात. मला उगाच त्या रुग्णाविषयी आपुलकी वाटली.)

ही अँटीबॉडी आईला त्रास न देताही रक्तात असू शकते, पण वारेतून बाळाकडे जाते आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या वायरिंगवर घाव घालते. ठोके १४० वरून ६० वर येतात, आणि पुरता ब्लॉक झाला की सहसा माघारी फिरत नाही. धोका मुख्यतः सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात. जिथे आम्हाला मूल ठेवायचं का विचारलं गेलं, तिथे या अँटीबॉडीचं नावसुद्धा निघालं नव्हतं. तुम्ही त्याच दिवशी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावलात, आणि फीटल एकोसाठी, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, कोल्हापूरची चिठ्ठी दिलीत.

त्यानंतरचे दहा आठवडे मी एसटीत काढले म्हटलं तरी चालेल. संधिवाताच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध सुरू केलं होतं. एकोवाल्या ताई हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ठोका आणि खालच्या कप्प्याचा ठोका यांतलं अंतर मोजायच्या. १५० मिलिसेकंदांच्या आत हवं. आमचं १२० च्या आसपास राहिलं, एकदा १३४ आलं तेव्हा मी परतीच्या गाडीत कुणाशी बोलले नाही. पुढच्या खेपेला पुन्हा १२१.

मुलगी झाली. जन्मल्यावरचा ईसीजी चांगला. दीड महिन्याची असताना डोळ्यांभोवती लालसर कडी उमटली, चष्मा लावल्यासारखी. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या काढल्या. मी तुम्हाला फोटो पाठवला, कारण हेही तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं: पुरळ आलं तर ते माझ्याच अँटीबॉडीजचं, तिच्या अंगातून त्या सहा-आठ महिन्यांत संपतील, तोवर ऊन टाळायचं. आता ती आठ महिन्यांची आहे. कडी गेली, खूणही नाही.

माझं काय, तर ही रेघ माझ्या रक्तात राहणार. अमेरिकी सैनिकांच्या साठवून ठेवलेल्या रक्तावरचा २००३ चा अभ्यास तुम्ही सांगितला होता, ज्यांना पुढे ल्युपस झाला त्यांतल्या बहुतेकांत अँटीबॉडीज काही वर्षं आधीच होत्या. मी घाबरेन म्हणून तो लपवला नाहीत, बरं केलंत. एएनए पुन्हा पुन्हा करू नको, आकड्याचं वरखाली होणं काही सांगत नाही, लघवी आणि बीपी मात्र चुकवू नको, हे तुमचं वाक्य मी शेजारच्या दोघींना ऐकवलंय. त्यांतली एक चेकअप पॅकेजमध्ये १:८० घेऊन आली होती, काहीही होत नसताना. तिलाही ताकाची गोष्ट सांगितली. जमली बऱ्यापैकी, भांडी मात्र दोन जास्त झाली.

सहामाही तपासणीला पुढच्या सोमवारी येतेय. सकाळची पहिली लघवी, लक्षात आहे. या वेळी मुलगी सोबत असेल. ती चष्मा ओढते, तेवढं सांभाळा.

तुमची,
बाकावर रडणारी पेशंट