जिन्याखालचा डायनामो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमचा शनिवार पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला आहे. जागा रिकामी करताना जिन्याखालून सासऱ्यांचा डायनामो, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरवून वीज करायचं यंत्र, निघाला आणि घरात तीन तट पडले. भंगारवाल्याने तांब्याचा अंदाज घेऊन भाव सांगितला, तो थोरल्या दिरांना पटला. पुतण्या म्हणतो, आतली तार नव्याने भरून घेऊ आणि गणपतीत मंडळापुढे चालवू. सूनबाईंना तो सोनेरी रंग देऊन नव्या इमारतीच्या लॉबीत हवा आहे. अनेक वाड्यांत सध्या हेच चाललं असेल, म्हणून हे पत्र.

माझं वय ७३. आमचं मोटारी भरायचं दुकान होतं. गिऱ्हाईक यजमान बघायचे, कॉइल मी गुंडाळायचे. पंखे, पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटारी, सगळं हाताखालून गेलंय. तेव्हा या बाबतीत मला थोडं कळतं असं समजायला हरकत नाही.

सासऱ्यांचा तंबूतला सिनेमा होता. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा, पावसाळ्यात मुक्काम वाड्यात. प्रोजेक्टरच्या आर्क दिव्याला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट लागे. दोन कार्बनकांड्यांमध्ये ठिणगी धरायची. त्यात पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला खळगा पडतो आणि पडद्यावरचा बहुतेक उजेड त्या खळग्याचा. ती कांडी लवकर जळते, म्हणून जाड घ्यायची. घरच्या विजेसारख्या दिशा बदलणाऱ्या एसीवर दोन्ही टोकं सारखीच जळतात, एकाच जागी ठरलेला तसा खळगा मिळत नाही. म्हणून हा डायनामो: ११० व्होल्ट, ३० अँपिअर, मिनिटाला १२०० फेरे. इंजिन ६५० फेऱ्यांचं, त्याची पुली १८ इंची, याची साडेनऊ इंची. गणित केलंत तर १२३१ येतात. वरचे ३१ पट्टा घसरण्यात जातात, ते सासऱ्यांनी आधीच धरले होते. इंजिन केव्हाच विकलं गेलं.

मुद्दा पुढचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली तेव्हा पावसाळा असल्याने हे यंत्र घरीच होतं. पाणी ओसरल्यावर सासऱ्यांनी आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता गाभा, बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतलं आणि सासूबाईंनी माजघरात दोन शेगड्यांमध्ये ठेवून पंधरा दिवस सुकवलं. स्वयंपाक शेजारी. मग व्हार्निश, आणि त्या दिवाळीनंतर डायनामो पुन्हा जत्रेला. मी या घरात आले ती त्यानंतर अकरा वर्षांनी, पण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली की शेगडीचा धूर मलाच लागल्यासारखा वाटतो.

गेल्या महिन्यात आम्ही तो आडवा केला तेव्हा बिडाच्या बैठकीच्या पोकळीत बोटभर जाडीचा राखाडी थर होता. सुकून दगड झालेला. पुतण्या वायर ब्रश घेऊन बसणार, तेवढ्यात मी हात धरला. पुराचा गाळ आहे तो. पानशेतचं पाणी किती चढलं हे सांगणारी माणसं आता कमी होत चालली, आणि आपण ते ब्रशने खरवडणार?

इथे माझं आणि पुतण्याचं वाजलं. त्याने एका दुकानदाराला दाखवलं होतं. त्याचं मत, जुनं सगळं कापून काढा, नवी इनॅमलची तार भरा, मशीन नव्यासारखं होईल. होईलच. मग उरेल काय? बिडाचं खोकं जुनं आणि पोट कालचं. आतली तार सुती वेष्टणाची आहे, खाचांत एम्पायर क्लॉथ, म्हणजे व्हार्निश पाजलेलं कापड आहे, आणि वर १९६१ चं ते व्हार्निश. असं वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळणी, आज भरून मिळणार नाही, आणि एकदा कापलं की ते थेट भट्टीत.

भरायचं की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, मेगरने ठरतं, म्हणजे तारेच्या वेष्टणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या मीटरने; आकडा जितका मोठा तितकं बरं. पहिल्या दिवशी आर्मेचरचं रीडिंग ०.२ मेगाओहम. पत्र्याचा आडोसा करून आत १०० वॅटचे दोन पिवळे बल्ब नऊ दिवस ठेवले, रीडिंग १.८ झालं. जुन्या वायंडिंगला, यंत्र जितक्या किलोव्होल्टचं त्यात एक मिळवून तितके मेगाओहम पुरेत. हे ११० व्होल्टचं, म्हणजे ०.१ किलोव्होल्ट, तेव्हा इथे १.१. तार जिवंत आहे. ग्राऊलरवरही, म्हणजे आर्मेचरचे शॉर्ट शोधायच्या उपकरणावर, एकही कॉइल शॉर्ट निघाली नाही. आर्मेचरच्या टोकाला करंट बाहेर घ्यायचा जो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, त्या कम्युटेटरच्या पट्ट्या झिजून मधला मायका वर आला होता, तो हॅकसॉच्या पात्याने खाली घेतला. त्यावर टेकणारे कार्बनचे ठोकळे, म्हणजे कार्बन ब्रश, तपकीर गल्लीतून मोठे आणून सँडपेपरवर कम्युटेटरच्या गोलाईला बसवले. एमरी पेपर मात्र कुणी वापरू नका, त्याची पूड पट्ट्यांच्या मध्ये अडकते.

मग कॅनव्हासचा पट्टा घालून अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीवर फिरवला. सहाशेच फेरे. एवढ्या वेगावर तो स्वतःचं चुंबकत्व स्वतः धरेना, म्हणजे वीज होईना. फील्डला, म्हणजे भोवतीच्या चुंबकाच्या कॉइलला, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी लावली तेव्हा काटा हलला, नऊ व्होल्ट. स्कूटरचा बल्ब पेटला. सूनबाई म्हणाल्या, “एवढंच?” मला तेवढं पुरलं.

मंडळाच्या बेताला मात्र माझा ठाम विरोध आहे. पूर्ण वेगात नेला तरी निघणार सव्वातीन किलोवॅट, म्हणजे एक गिझर आणि एक इस्त्री. पंखा त्यावर फिरणार नाही, नुसता तापेल. घरातला एसीचा स्विच डीसीवर लावला तर बंद करताना आतली ठिणगी तुटत नाही, स्विच जळतो. शिवाय उघडा पट्टा आणि भोवती पोरांची गर्दी. पट्टा सुटला तर कुणाला लागेल हे तो बघत नाही.

केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघताना सुपारी कातरून दाखवा असं कोणी म्हणत नाही. यंत्र म्हटलं की मात्र ते पळालंच पाहिजे, नाहीतर भंगार. मधलीही एक वाट असते. बेअरिंगला तेल, ब्रश नीट, वायंडिंग आणि गाळ जसाच्या तसा, महिन्यातून एकदा सावकाश फिरवणं. वाडा सोडताना कुणाला असं काही सापडलं तर भंगारवाल्याच्या आधी एखाद्या म्हाताऱ्या वायंडरला बोलवा. आम्ही फार जण उरलेलो नाही. आणि तंबूच्या सिनेमाचा संगमरवरी स्विचबोर्ड कुणाच्या माळ्यावर असेल तर या सदरातून जरूर कळवा. आमचा फुटला.

जागेचं अजून ठरायचं आहे. मी बिल्डरकडे पार्किंगच्या कोपऱ्यात चार फूट बाय तीन फूट मागितली, तर विचारतो, गाडी कुठली? रविवारी सभा आहे. मेगर घेऊन जाणार आहे.

आपली नम्र,
कॉइल भरणारी एक वाचक,
शनिवार पेठ, पुणे