कगालागाडीत एका दिवसात 320 किलोमीटर कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पर्यटन पुरवणीत दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या सीमेवरच्या कगालागाडी उद्यानात स्वतः गाडी चालवून सफारी कशी करावी, यावर लेख आला. मसाई मारा आणि क्रुगरच्या पलीकडे कुणीतरी पाहिले, हे चांगलेच झाले. पण त्यातला दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम, म्हणजे सकाळी ट्वी रिव्हिरेन या मुक्कामाच्या कॅम्पवरून निघणे, आतल्या नोसोब कॅम्पला जेवण आणि संध्याकाळी परत, कुणी जसाच्या तसा पार पाडायला जाऊ नये, म्हणून हे पत्र.

ट्वी रिव्हिरेन ते नोसोब सुमारे 160 किलोमीटर, जाऊन-येऊन 320. उद्यानात वेगमर्यादा ताशी 50. म्हणजे कुठेही न थांबता 6 तास 24 मिनिटे. जूनमध्ये कॅम्पचे गेट सकाळी साडेसातच्या सुमारास उघडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते. जेवण आणि पेट्रोल वजा केले, तर प्राणी पाहायला उरतात जेमतेम तीन तास. उशिरा पोहोचणाऱ्याला दंड होतो, त्यामुळे तेही घड्याळाकडे बघतच जातात. रस्ता डांबरी नाही. त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठलेल्या असतात आणि पन्नासचा वेगही सगळीकडे जमत नाही.

ही घाई बहुधा ताडोबाची सवय असावी. तिथे सोबत गाइड असतो, जिप्सीवाले एकमेकांना खबर देतात, फेरीचे तास मोजके असतात आणि वाघ जिथे दिसला तिकडे गाडी पळते. कगालागाडीत यातले काही नाही. गाइड नाही, ट्वी रिव्हिरेन सोडले की वाटेत मोबाइलला रेंजही नाही. उद्यान सुमारे 38 हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक अष्टमांश. त्यातल्या दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचे मुख्य रस्ते आउब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्यांच्या पात्रांतून जातात आणि दोन वाळूचे रस्ते त्यांना मधून जोडतात. एवढाच पसारा. पण गवत, बाभळीच्या कुळातल्या कॅमलथॉर्नची सावली आणि पाणी हे सगळे पात्रातच असल्याने प्राणी तिथे येतातच. शोधत फिरण्यापेक्षा गाडी नीट जागी लावून बसणे इथे जास्त फळते.

पाणी म्हणजे पाणवठे, आणि हे पाणवठे म्हणजे बोअर. 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, शेजारच्या जर्मन वसाहतीवर चाल करून जाणाऱ्या सैन्याला पाणी मिळावे म्हणून आउबच्या पात्रात विहिरी खोदल्या गेल्या. पुढे 1931 मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपल्या बाजूला राष्ट्रीय उद्यान केले. 2000 मध्ये ते बोत्स्वानाच्या उद्यानाला जोडून आजचे दोन देशांचे उद्यान झाले. आज पवनचक्की किंवा सौरपंप पाणी उपसून लहान टाक्यांत सोडतो. काही बोअरचे पाणी खारट असते, त्यामुळे एका पाणवठ्यावर गर्दी आणि दुसऱ्यावर शुकशुकाट, असे होते. गेम्सबॉक हे मोठे हरीण पाण्यावाचून बरेच दिवस काढू शकते. ज्याला पाणी लागतेच, तो प्राणी ठरावीक वेळी येतो, आणि त्याच्यावर टपलेलाही.

नोसोब कॅम्पच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर क्युबित्जे क्वाप हा पाणवठा आहे. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून-ऑगस्टमध्ये, ऊन जरा तापले की, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, पखुर्ड्यांचे थवे येतात. आधी दूर उतरतात, खात्री करून घेतात आणि मग एकदम पाण्यावर झेप. त्यांतले नर नुसते पाणी पीत नाहीत. पोट पाण्यात टेकवून ते अंग डोलावतात, कारण त्यांच्या पोटावरची पिसे पाणी शोषून धरतात आणि लांबवरच्या पिल्लांपर्यंत ते तसेच नेले जाते. याच वेळी काळ्या पाठीचा कोल्हा टाकीच्या काठाशी अंग चोरून बसलेला असतो. थवा उठला की तो हवेत उडी घेतो. बऱ्याचदा पंजा रिकामा, कधी तोंडात होला. वर लॅनर ससाणा घिरट्या घालत असतो, त्याचा सूर आला की सगळा थवा फुटतो. हे बघायला दीड-दोन तास एका जागी बसावे लागते. लेखातल्या वेळापत्रकानुसार त्या वेळी आपण नोसोबपासून शंभरेक किलोमीटर लांब गाडी हाकत असतो.

बसायचे तर गाडी कशी लावायची, तेही सांगतो. सूर्य पाठीशी, पाणी चालकाच्या खिडकीकडे, इंजिन बंद. चालू इंजिनच्या थरथरीने लांब लेन्सचे फोटो हलतात आणि खारीची किंवा मुंगसाची धोक्याची शिटी ऐकू येत नाही. प्राण्यांच्या पायवाटेत, म्हणजे पाणी आणि सावली यांच्या मधे, गाडी उभी करू नये. तिथे गाडी दिसली की स्प्रिंगबॉक हरणांचा कळप पाणी न पिताच परततो. लेन्स टेकवायला खिडकीवर पिशवी लागते. ती इथून रिकामी न्यावी, तिथे तांदूळ भरावा. शेवटच्या रात्री खिचडी करता येते.

पहाटेचा पहिला तास मात्र गाडी चालवण्याचा. रात्री सिंह बऱ्याचदा रस्त्यानेच चालतात, मऊ वाळूपेक्षा ते सोपे असते. गेट उघडताच निघालेल्या पहिल्या गाडीला ते ठसे ताजे मिळतात. कालच्या टायरच्या नक्षीवर पंजा उमटलेला असेल तर तो रात्रीचा. पंजावर टायर गेलेला असेल तर तो जुना. सिंह-बिबट्यांच्या ठशांत नख्या दिसत नाहीत. तपकिरी तरसाच्या ठशांत दिसतात आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो. चित्त्याच्या नख्याही उमटतात, पण बारीक. ठसे रस्ता सोडून वळले, तर तिथेच थांबून जवळच्या झाडाखाली दुर्बीण लावावी. बिबट्या हवा असेल तर आउबच्या काठावरचे पांढरट चुनखडीचे कडे आणि कॅमलथॉर्नच्या आडव्या फांद्या संथपणे तपासत जावे.

कुनोमुळे आपल्याकडे चित्त्याबद्दल कुतूहल वाढले आहे, म्हणून एक विनंती. चित्ता दिवसा शिकार करतो आणि कगालागाडीत त्याचे मैदान म्हणजे नदीचे पात्र, ज्यात आपला रस्ता आहे. तो दबा धरून निघाला की सगळ्या गाड्या पुढे सरकतात आणि स्प्रिंगबॉक सावध होतात. आहे तिथेच थांबले, तर धाव दिसण्याची शक्यता उलट वाढते.

हत्ती, गेंडा किंवा रानम्हैस पाहायला इथे येऊ नये. सुगरणीच्या नात्यातल्या सोशेबल विव्हर पक्ष्यांची शेकडो पाखरांची सामाईक घरटी, त्यातच बिऱ्हाड करणारा इवलासा पिग्मी फाल्कन, हिवाळ्यात भरदिवसा जमीन उकरत हिंडणारा हनी बॅजर आणि उकरलेल्यातून निसटणारे उंदीर पकडायला त्याच्या मागेमागे चालणारा पेल चँटिंग गोशॉक हा शिकारी पक्षी, हे इथले वैभव. कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी डोळे शिणतात, त्याच्या कुळातला पक्षी इथे रस्त्याकडेला चालताना दिसतो.

आता गाडी. लेखात टायरच्या हवेचा उल्लेखच नाही, आणि बहुतेकांचे घोडे तिथेच अडते. आत शिरण्यापूर्वी, टायर थंड असताना, हवा सुमारे 1.6 बारवर, म्हणजे 23 पीएसआयवर आणावी. डांबरी रस्त्याच्या दाबाने गेलात तर लाटांवर गाडी नाचते, ब्रेक लागत नाहीत, शॉक अॅब्सॉर्बर बसतात, स्क्रू आणि नंबरप्लेट गळून पडतात. वाळूच्या चढावर चाके फिरून खड्डा करतात. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. परत अपिंग्टन शहराकडच्या डांबरी रस्त्याला लागताना हवा पूर्ववत भरलीच पाहिजे, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. मुख्य कॅम्पवर हवा भरायची सोय असते. तरी बारा व्होल्टचा छोटा पंप आणि प्रेशर गेज जवळ ठेवावे.

दोन नद्यांना जोडणाऱ्या, वाळूच्या टेकड्यांवरच्या रस्त्यांवर चढाच्या पायथ्याशी ब्रेक दाबू नये, एका लयीत वर जावे. माथ्यावर समोरची गाडी दिसत नाही, तेव्हा डावीकडे राहावे. फोटोसाठी थांबायचे तर उतारावर, म्हणजे पुन्हा निघताना चाके रुतत नाहीत. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नये. आल्या चाकोरीतून हळू मागे यावे. तेही जमले नाही तर गाडीतच बसून दुसऱ्या गाडीची वाट पाहावी. कॅम्प सोडताना गेटवर परवाना घेऊन निघायचे असते. परत न आलेल्याची नोंद त्यामुळे गेटवर राहते. दिवसभराचे पाणी गाडीत हवेच, माणशी निदान चार-पाच लिटर.

धुळीसाठी काचा बंद आणि पंखा बाहेरची हवा घेण्यावर ठेवावा. आतला दाब थोडा वाढतो आणि फटींतून धूळ कमी येते. पावसाळ्यानंतर, विशेषतः बोत्स्वानाच्या बाजूला, चाकोरीच्या मधले उंच गवत गाडीखाली घासते. त्याचे बी रेडिएटरच्या जाळीत बसले की इंजिन तापते आणि सायलेन्सरजवळ साठले की पेट घेते. रेडिएटरपुढे बारीक जाळी बांधावी, मधून मधून गाडीखाली वाकून पाहावे. अर्थात जिथे उतरायला परवानगी आहे तिथेच. त्या बाजूला एकटी गाडी नेऊ नये.

मुख्य रस्त्यांना फोर बाय फोर लागत नाही, जमिनीपासून उंच असलेली गाडी पुरते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर, काचा आणि खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, तेव्हा करार वाचावा. पूर्ण आकाराची स्टेपनी, जॅक आणि पाना ताब्यात घेतानाच तपासावा. दक्षिण आफ्रिकेत रहदारी आपल्यासारखी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतच मिळतो, मुदत एक वर्ष.

कार्यक्रम असा करावा: ट्वी रिव्हिरेनला एक रात्र, नोसोबला तीन, आउबच्या काठी माटा-माटा किंवा उरिकारुस या कॅम्पला दोन. पेट्रोल ट्वी रिव्हिरेन, नोसोब आणि माटा-माटा एवढ्याच ठिकाणी, तेव्हा टाकी अर्धी झाली की भरावी. उरिकारुससारख्या छोट्या कॅम्पना कुंपण नाही, पिण्याचे पाणी आणि सरपण सोबत न्यावे लागते, आणि काही ठिकाणी बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. या खोल्या बुकिंग खुले होताच संपतात, म्हणून सुमारे अकरा महिने आधी लक्ष ठेवावे. भाजी, फळे, डाळी अपिंग्टनलाच घ्याव्यात. शाकाहारी मंडळींना कॅम्पच्या दुकानात फार काही सापडणार नाही. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, उन्हाळ्यात दुपारी चाळिशी ओलांडतो, तेव्हा कपडे त्या बेताने. गाडीबाहेर उतरायचे ते नेमलेल्या पिकनिकच्या जागीच. त्यांनाही कुंपण नसते, म्हणून दार उघडण्याआधी चारी बाजू पाहाव्यात, मुलांना एकटे स्वच्छतागृहाकडे सोडू नये.

ज्यांना माटा-माटाहून पुढे नामिबियात जायचे आहे, त्यांनी उद्यानात किमान दोन रात्री मुक्काम केलेला असावा लागतो. पासपोर्टवरचा शिक्का ट्वी रिव्हिरेनलाच आधी घ्यावा लागतो, आणि गाडी सीमेपार नेण्याचे भाडे-कंपनीचे पत्र सोबत हवे. एका देशाच्या गेटने आत येऊन त्याच गेटने बाहेर पडणाऱ्यांना यातले काही लागत नाही.

आपला,
एक वाचक, नाशिक